गल्लीतला किल्ला आणि कामाची मराठी

दिवाळीची सुटी जवळ आली की बेळगाव शहरात आणि आसपासच्या गावांत मुले किल्ल्याच्या तयारीला लागतात. घराच्या कोपऱ्याला, देवळाच्या कडेला किंवा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोकळ्या तुकड्यावर दगड, विटांचे तुकडे आणि जुनी पोती गोळा होतात. चारपाच दिवसांत तेथे एक डोंगर उभा राहतो, त्याला तट आणि बुरूज येतात, माथ्यावर सिंहासन येते आणि उतारावर हिरवळ दिसू लागते. पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांतही ही प्रथा आहे. सीमाभागात मात्र तिच्याकडे आणखी एका बाजूने पाहावे लागते. येथील मराठी घरांतली पुष्कळ मुले आज कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. मराठी त्यांना भेटते ती घरातल्या बोलण्यात, सणावारात, नात्यागोत्यात आणि व्यासपीठावरच्या भाषणांत. एखादे काम अडले असता ते सोडवण्यासाठी, दुसऱ्याला पटवण्यासाठी, चूक दाखवण्यासाठी मराठी वापरावी लागेल असे प्रसंग त्यांच्या वाट्याला कमी येतात. गल्लीतला किल्ला हा अशा उरलेल्या थोड्या प्रसंगांपैकी एक आहे.

दिवाळीच्या किल्ल्याबद्दल आपण बोलतो ते बहुधा इतिहासप्रेम आणि संस्कार या अंगांनी. त्याचे मोल मोठे आहेच. पण किल्ला बांधून झाल्यावर त्याच्यासमोर काय बोलले जाते, यापेक्षा तो बांधताना काय बोलले जाते याकडे भाषेच्या शिक्षकाने आणि लेखकाने लक्ष द्यावे, असे मला वाटते. या लेखात त्याचाच विचार केला आहे.

मोकळी घडण म्हणजे काय

आधी एक संज्ञा स्पष्ट करतो. हातांनी वस्तू घडवण्याचे दोन प्रकार आपल्या ओळखीचे आहेत. पहिला शाळेतल्या हस्तकलेच्या तासाचा. कागद कोठे दुमडायचा आणि कोठे चिकटवायचा हे आधी सांगितलेले असते, आणि तासाच्या शेवटी चाळीस मुलांकडे सारख्याच चाळीस होड्या असतात. दुसरा प्रकार गल्लीतल्या किल्ल्याचा. त्याला मी येथे ‘मोकळी घडण’ म्हणतो. तिची तीन लक्षणे सांगता येतील.

पहिले, जागा एकाची नसते. किल्ला कोणाच्या तरी भिंतीला टेकून उभा असला तरी तो त्या घराचा मानला जात नाही. जो दगड आणतो तो त्यात भागीदार होतो. दुसरे, सामान त्या कामासाठी केलेले नसते. पोते धान्याचे असते, वीट कुठल्यातरी बांधकामातून उरलेली असते, करवंटी स्वयंपाकघरातली असते. त्या वस्तूचा नवा उपयोग कोणीतरी शोधावा लागतो. तिसरे, शेवट आधी ठरलेला नसतो. ‘किल्ला करायचा’ एवढेच ठरलेले असते. वाट कोणत्या बाजूने जाईल, टाके कोठे येईल, गुहा होईल की नाही, हे काम पुढे सरकेल तसे ठरते.

या तिन्ही गोष्टींमुळे एक परिणाम अटळ होतो. मुलांना बोलावे लागते. हस्तकलेच्या तासाला शांत बसूनही होडी होते. किल्ला गप्प राहून होत नाही.

माती काय विचारते

किल्ला कसा बांधला जातो हे थोडे तपशिलात पाहू. कारण भाषेचा प्रश्न त्या तपशिलातच आहे.

आतला गाभा दगड, विटा, मोडकी खोकी यांचा असतो. सगळा डोंगर मातीचाच केला तर फार माती लागते, शिवाय ती स्वतःच्या भाराने खाली बसते. गाभ्यावर चिखलात बुडवलेली पोती अंथरतात. पोत्याच्या विणीत चिखल धरून राहतो आणि घड्यांमुळे कड्याकपारीचा आकार येतो. त्यावर मातीचा लेप. येथे पहिली अडचण उभी राहते. लेप जाड दिला तर वरचा थर आधी वाळतो, आतला ओला राहतो आणि भेगा पडतात. म्हणून पातळ हात द्यायचा, तो थोडा सुकू द्यायचा, मग दुसरा द्यायचा, हे मुलांना दुसऱ्या दिवशी कळते. चिखलात भाताचे काड बारीक करून घातले तर भेगा कमी पडतात, हे एखाद्या आजोबांकडून कळते.

मातीही सगळीकडे सारखी नाही. बेळगावच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या बाजूने जांभ्याची तांबडी माती मिळते, पूर्वेकडे जावे तसे काळे रान लागते. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसून तडकते. त्यामुळे तिचा तट सकाळी गुळगुळीत दिसतो आणि संध्याकाळी भेगाळतो. ‘वरची माती आणूया, ती धरते’ असे मूल म्हणते तेव्हा त्याने दोन मातींतला फरक हातांनी ओळखलेला असतो.

मग हिरवळ. अळीव किंवा मोहरी दिवाळीच्या चारपाच दिवस आधी पेरावी लागते. उतारावर मोहरीचे गोल दाणे घरंगळून खाली येतात. अळिवाला मात्र पाणी लागले की भोवती बुळबुळीत आवरण तयार होते आणि दाणा मातीला चिकटून राहतो, म्हणून उतारावर अळीव आणि सपाटीवर मोहरी ही वाटणी होते. पाणी ओतायचे नाही, शिंपडायचे. ओतले तर लेपच वाहून जातो. टाक्यात पाणी भरले की ते जिरते. मग करवंटी किंवा जुनी वाटी बसवून कडा मातीने लिंपायच्या. आणि एवढे सगळे झाल्यावर परतीच्या पावसाची एखादी सर येते. तेव्हा प्लास्टिकचा कागद आणायला गल्लीभर धावाधाव होते.

या प्रत्येक टप्प्यावर माती एक प्रश्न विचारते आणि मुलांना उत्तर शोधावे लागते. प्रश्न पाठ्यपुस्तकातला नसल्याने उत्तर कोणाकडेच तयार नसते. मोठ्या मुलाचा अंदाजही चुकू शकतो आणि लहानग्याची सूचना बरोबर निघू शकते.

अडल्यावर फुटणारी भाषा

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की याने १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या विचार आणि भाषा यांवरील ग्रंथात एक निरीक्षण नोंदवले आहे. चित्र काढायला बसलेल्या मुलांपुढे त्याने मुद्दाम छोट्या अडचणी आणल्या. कागद पुरा पडू नये, हवी ती पेन्सिल हाताशी नसावी अशी व्यवस्था केली. अडचण आली की मुलांचे स्वतःशी मोठ्याने बोलणे जवळजवळ दुप्पट होत असल्याचे त्याला आढळले. हे बोलणे कामाच्या बाजूला चाललेली बडबड नसते, तर मूल त्याच्या आधाराने मार्ग आखत असते आणि पुढे हेच बोलणे आत वळून विचार बनते, असे त्याचे म्हणणे होते.

किल्ल्यावर उभे राहून ऐकले तर हे सहज पटते. ‘हा इथं ठेवला तर वरचा पडणार. मग आधी खालचा घट्ट बसवूया की.’ या दोन वाक्यांत अट आहे, परिणाम आहे, क्रम आहे आणि प्रस्ताव आहे. व्याकरणाच्या तासाला संकेतार्थी वाक्याची व्याख्या पाठ करून घेण्यास जो वेळ लागतो, त्याहून कमी वेळात किल्ल्यावर दहा संकेतार्थी वाक्ये होऊन जातात. ‘नाहीतर’, ‘म्हणून’, ‘तोवर’, ‘त्यापेक्षा’, ‘असं असेल तर’ ही जोडणारी अव्यये गोष्टीच्या पुस्तकापेक्षा भांडणात लवकर आत्मसात होतात, कारण ती न वापरता भांडण जिंकता येत नाही.

शब्दांचेही तसेच. किल्ल्याच्या निमित्ताने मुलांना बुरूज, माची, बालेकिल्ला, दिंडी, खंदक, टाके हे शब्द मिळतात, हे आपण नेहमी सांगतो. पण माझ्या मते खरी कमाई नामांची नाही, क्रियापदांची आहे. रचणे, थापणे, चोपणे, लिंपणे, टेकू देणे. आणि काम बिघडल्यावरची खचणे, ढासळणे, भेगाळणे, पाझरणे, निथळणे, जिरणे, मुरणे. हीच क्रियापदे पुढे मराठीत मनाच्या आणि समाजाच्या व्यवहाराला लागतात. धीर खचतो, सत्ता ढासळते, राग जिरतो, अनुभव मुरतो, सरकारला कोणी टेकू देतो. ज्याने मातीचा तट खचताना पाहिला आहे त्याला ‘धीर खचला’ या प्रयोगात एक चित्र दिसते. ज्याने पाहिला नाही त्याला तो एक तयार शब्दसमूह म्हणून पाठ करावा लागतो. महाविद्यालयात मराठी निबंध तपासताना या दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांतला फरक जाणवतो. एकाचे लेखन शब्दांनी भरलेले असूनही कोरडे वाटते. दुसऱ्याला शब्द थोडे येतात, पण जे येतात ते वजन घेऊन येतात.

गल्लीतली भाषा शुद्ध नसते, हेही सांगायला हवे. बेळगावच्या गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू आणि हिंदी एकाच खेळात वावरतात. कोणी किल्ला म्हणते, कोणी कन्नडमधले कोटे म्हणते. त्याने बिघडत काही नाही. ‘किल्ला’ आणि ‘बुरूज’ अरबीतून आले, ‘दरवाजा’ फारसीतून आला. शिवकाळात तयार झालेल्या राजव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्या कोशातल्या दहा वर्गांपैकी एक दुर्गवर्ग आहे. तरीही लोकांच्या तोंडी किल्ला, बुरूज, दरवाजा हेच राहिले. शब्द टिकतो तो हाताच्या आणि तोंडाच्या वापराने, हे यावरून दिसते.

आज्ञापत्र आणि मुले

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात, दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सांगितले आहे की किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे; पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल, तर खडक फोडून आधी टाकी बांधावीत. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष आहे. दोनतीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात. गडाच्या जवळ त्याच्यावर मारा करता येईल असा दुसरा डोंगर असेल, तर त्याचा बंदोबस्त करावा. गडावर झाडे लावावीत आणि राखावीत.

हे प्रकरण बी. ए.च्या वर्गाला शिकवताना मला नेहमी जाणवते की किल्ला बांधलेल्या विद्यार्थ्याला ते परके वाटत नाही. टाके आधी की तट आधी, हा वाद त्याने घातलेला असतो. तट पूर्ण लिंपून झाल्यावर टाक्यासाठी खड्डा करायला जावे तर तट हलतो, हे त्याला माहीत असते. एकाच दरवाज्यासमोर दोन गटांचे मावळे अडकले म्हणून मागून दुसरी वाट काढावी लागल्याचे त्याला आठवते. तीनशे वर्षांपूर्वीचे गद्य त्याला अनुभवाच्या वाटेने उलगडते. शब्दार्थांच्या टिपा त्यानंतर कामाला येतात. प्राचीन आणि मध्ययुगीन गद्य विद्यार्थ्यांना कळत नाही अशी तक्रार आपण शिक्षक करतो. त्या तक्रारीचे एक कारण असे असावे की त्या गद्यातली कामे मुलांच्या हातांना आता ठाऊक नाहीत.

इतरांनी काय पाहिले

मोकळ्या घडणीचा विचार इतर देशांतही झाला आहे. डेन्मार्कचे भूदृश्यरचनाकार सी. थ. सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते की आपण आखून दिलेल्या क्रीडांगणांपेक्षा मुले बांधकामाच्या जागेवरच्या भंगारात अधिक रमतात. त्यातून १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथे भंगाराचे क्रीडांगण सुरू झाले. फळ्या, विटा, दोर आणि हत्यारे ठेवली, सोबत एक जाणता माणूस ठेवला. आणि मुलांनी तेथे झोपड्या, बोगदे, मनोरे बांधले. युद्धानंतर लेडी ॲलन यांनी ते पाहिले आणि ब्रिटनमधल्या बाँबने उद्ध्वस्त झालेल्या जागांवर तसा प्रयोग व्हावा म्हणून खटपट केली. पुढे १९७१ मध्ये सायमन निकोल्सन या कलावंत-शिक्षकाने ‘सुट्या भागांचा सिद्धान्त’ मांडला. एखाद्या ठिकाणी हलवता, बदलता, जोडता येण्याजोग्या गोष्टी जितक्या अधिक, तितकी तेथे नवे शोधण्याची शक्यता अधिक, असा त्याचा आशय आहे.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला जे बालशिक्षणाचे काम केले, त्यातही आजूबाजूला मिळणाऱ्या बिया, पाने, खडे, शंख-शिंपले ही साधने होती. शाळा मुलांच्या अंगणात नेण्याचा विचार त्यामागे होता. गल्लीतला किल्ला या विचारांच्या आधी की नंतरचा, हा मुद्दा येथे नाही. ज्या गोष्टीसाठी इतरत्र खास जागा निर्माण कराव्या लागल्या, ती आपल्या गल्लीत सणाच्या ओघात होत आली आहे, एवढेच लक्षात घ्यायचे.

न टिकण्याचा फायदा

या वार्षिकाच्या वाचकांपैकी अनेकांना आपापल्या गावातल्या अशा घडणी आठवतील. माळव्यात पितृपंधरवड्यात मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात. रोज नवी आकृती, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या आणि चमकी, आणि संध्याकाळी गाणी. शेवटी जी मोठी आकृती काढतात तिचे नाव ‘किलाकोट’; म्हणजे इंदूर-उज्जैनच्या भिंतीवरही एक किल्ला उभा राहतो. अमावास्येला तो पाण्यात विसर्जित होतो. गोव्यात दिवाळीच्या आधी वाड्यावाड्यांवरची मुले काठ्या, गवत आणि कागद यांचा नरकासुर उभा करतात. नरक चतुर्दशीच्या पहाटे तो जाळला जातो.

या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. त्या टिकवण्यासाठी केलेल्या नसतात. संजा पाण्यात जाते, नरकासुर आगीत जातो, किल्ला तुळशीच्या लग्नाच्या आसपास मातीला मिळतो. वस्तू राहणार नाही हे ठाऊक असल्यामुळे चुकीची भीती कमी होते. बुरूज वाकडा झाला तर चालते. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात असते, आणि गेल्या वर्षी पायथ्याला माती कालवणारे मूल या वर्षी दरवाजा करायला मागते. जे टिकत नाही त्यातून टिकते ते कसब आणि ते बोलणे.

स्पर्धा आली तेव्हा

गेल्या काही वर्षांत किल्ल्यांच्या स्पर्धा वाढल्या. गोव्यात नरकासुरांच्याही वाढल्या. स्पर्धेने काही चांगले केले, हे मान्य केले पाहिजे. मंडळांचे तरुण प्रत्यक्ष गडावर जाऊन येतात, नकाशे पाहतात, राजगडाच्या तीन माच्या कोणत्या दिशांना आहेत याची खात्री करून घेतात. पूर्वी सगळे किल्ले सारखे दिसत. आता प्रतापगड आणि सिंधुदुर्ग वेगळे ओळखता येतात. मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या आड का दडवला आहे, हे पाहणाऱ्याला समजावून सांगितले जाते. हा अभ्यास मोलाचा आहे.

पण स्पर्धेबरोबर घडणीचे स्वरूप बदलते. वर सांगितलेली तिन्ही लक्षणे एकेक करून गळतात. शेवट आधी ठरतो, कारण प्रतिकृती मूळ किल्ल्याशी जुळली पाहिजे. सामान विकत येते. साच्यातले मावळे, रंगवलेला भुसा, तयार दरवाजे, काही ठिकाणी तर पूर्ण तयार किल्लाच. आणि जागा हळूहळू गटाची होते. मोजमाप चुकू नये म्हणून मोठी मुले काम हातात घेतात आणि लहान मुले ‘लांब उभे राहा, हात लावू नका’ हे वाक्य ऐकत कडेला उभी राहतात. ज्यांना बोलण्याची सर्वांत जास्त गरज होती, तीच गप्प होतात.

त्यांच्या वाट्याला मग एक काम येते, माहिती सांगण्याचे. परीक्षक आले की एक चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी किल्ल्याची उंची, बांधल्याचे साल, लढाया आणि किल्लेदार यांची माहिती एका दमात म्हणून दाखवते. ऐकणाऱ्यांना कौतुक वाटते आणि सीमाभागातल्या मुलाच्या तोंडून ओघवती मराठी ऐकून आनंदही होतो. पण त्या मुलाला मध्येच थांबवून ‘ही वाट इकडून का काढली?’ असे विचारले तर उत्तर येईलच असे नाही. पाठ केलेल्या मराठीला अडचण सोसत नाही. कामाची मराठी अडचणीतूनच जन्मते. पहिली आपल्या अस्मितेला दिलासा देते. दुसरी मुलाच्या विचाराला आधार देते. सीमाभागात आपण पहिलीवर फार समाधान मानू लागलो आहोत, ही माझी चिंता आहे. किल्ला हे मराठीपणाचे चिन्ह म्हणून जितके मोठे होत जाते, तितका तो मराठीत काम करण्याची जागा म्हणून लहान होत जातो.

हा बदल मराठीच्या एका लकबीत नेमका दिसतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’मध्ये तो आत असतो. हिंदीतल्या ‘हम’मध्ये किंवा इंग्रजीतल्या ‘वुई’मध्ये हा भेद नाही. किल्ला बांधताना मुले सतत ‘आपण’ वापरतात. ‘आपण इथं गुहा करूया’ म्हणताना बोलणारा समोरच्याला कामात ओढून घेतो, आणि शेजारच्या गल्लीतले कोणी पाहायला आले की लगेच ‘आमचा किल्ला’ असा बदल करतो. सर्वनामाचा इतका अचूक वापर शिकवून येत नाही. स्पर्धेच्या किल्ल्यासमोर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘आमचा किल्ला’ हेच ऐकू येते.

मोकळीक आपोआप सगळ्यांची होत नाही

या मांडणीवर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की मुलांना मोकळे सोडले तर ती काहीच करत नाहीत, मोबाइल घेऊन बसतात. हा अनुभव खोटा नाही. पण मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. एम्ड्रुपलाही फळ्या आणि विटा कोणीतरी आणून ठेवल्या होत्या. माती, पोती आणि दगड हाताशी असतील, वेळ असेल आणि ‘घाण करू नका’ असे कोणी ओरडणार नसेल, तर सुरुवात होते. आज कमी पडते ते सामान आणि परवानगी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गल्लीतला किल्ला सगळ्यांचा म्हटला तरी तो बराच काळ मुलग्यांचा राहिला. मुलींच्या वाट्याला किल्ल्यासमोरची रांगोळी आली. आवाज मोठा असलेल्या मुलाचे म्हणणे चालते आणि ज्याला भाषा नीट येत नाही तो पाणी आणायला धावतो, हेही खरे. म्हणून मोकळ्या जागेलाही एक जाणते माणूस लागते. त्याने किल्ला कसा बांधायचा हे सांगू नये. कोणाला बोलायला मिळाले नाही, याकडे मात्र लक्ष द्यावे.

शिक्षकांना काय करता येईल

शाळा-महाविद्यालयातल्या मराठीच्या शिक्षकांसाठी काही सूचना करतो. त्यांना निधी लागत नाही.

शाळेच्या आवारात दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात मातीचा एक कोपरा मोकळा सोडावा. तो प्रदर्शनासाठी नाही, हे मुलांना आणि पालकांना आधी सांगावे. त्याला क्रमांक नको आणि गुणही नकोत. निरनिराळ्या इयत्तांची, मुले-मुली मिळून आठदहा जणांची टोळी करावी. एकाच वयाच्या मुलांत कोणी कोणाला समजावून सांगत नाही.

काम चालू असताना शिक्षकाने सूचना देऊ नयेत. त्याऐवजी ऐकलेले शब्द आणि वाक्ये एका वहीत टिपावीत. कोणत्या घरातून कोणता शब्द आला, एकाच क्रियेला दोन मुलांनी कोणती दोन क्रियापदे वापरली, कन्नड शब्द कोठे आला, याची नोंद ठेवावी. चार वर्षांत त्या वहीतून त्या गावच्या बोलीचा एक छोटा संग्रह तयार होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्याला अभ्यासप्रकल्पासाठी याहून चांगले साहित्य शोधून मिळणार नाही.

सुटीनंतर ‘माझा आवडता किल्ला’ हा निबंध देऊ नये. त्याऐवजी ‘आमचा तट कसा पडला आणि आम्ही काय केले’ असे लिहायला सांगावे. पहिल्या विषयावर मुले माहितीपुस्तकातून उतरवतात. दुसऱ्या विषयावर त्यांना स्वतःचे सांगण्यावाचून गत्यंतर नसते. मराठी माध्यमात नसलेली, देवनागरी अडखळत लिहिणारी मुले तोंडी सांगतील. ते दुसऱ्याने लिहून घ्यावे. सांगणारा आणि लिहिणारा यांच्यात ‘असं नाही, तसं’ अशी जी घासाघीस होते, तिच्यातून लेखन म्हणजे काय हे दोघांनाही कळते.

स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनाही एक विनंती करता येईल. प्रतिकृतीची स्पर्धा मोठ्यांसाठी राहू द्यावी. बारा वर्षांखालच्या मुलांच्या किल्ल्यांना परीक्षकांनी नुसती भेट द्यावी आणि माहिती विचारण्याऐवजी ‘कुठे अडलं होतं?’ एवढेच विचारावे.

सीमाभागात मराठीच्या भवितव्याची चर्चा होते तेव्हा शाळांची संख्या, माध्यम, फलक आणि परिपत्रके हे विषय पुढे येतात. ते महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर बोलत राहिले पाहिजे. पण मुलाची भाषा घडते ती त्याला एखादी गोष्ट करायची असते आणि ती दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नाही तेव्हा. असे प्रसंग निर्माण करणे कोणत्याही परिपत्रकाच्या हाती नाही. ते गल्लीच्या आणि शाळेच्या हाती आहे. त्यासाठी गाडाभर माती, दहा जुनी पोती आणि आठवडाभराची परवानगी पुरते.